‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?’

काही वर्षांपूर्वी दादरच्या एका सभागृहात मराठी शाळा आणि मराठी साहित्य अशा विषयावर परिसंवाद झाला. वक्ते नामवंत, श्रोते बहुतेक निवृत्त शिक्षक, आणि मागच्या रांगांत आमच्यासारखे मास्तर आपापले एम.ए.चे विद्यार्थी घेऊन बसलेले. श्यामच्या आईपासून चितळे मास्तरांपर्यंत आणि तिथून मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’पर्यंत नेहमीची वाटचाल झाली, काहींचे डोळेही पाणावले. प्रश्नोत्तरांच्या वेळी आमची एक विद्यार्थिनी उठली. ती वसईच्या किनारपट्टीवरच्या एका गावातली, चर्चच्या आवारातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकलेली. अशा शाळांचा या चर्चेत कुठे विचार होतो का, एवढेच तिने विचारले. वक्त्यांनी तिचे आडनाव विचारले, ते ऐकून कौतुकाने मान डोलावली आणि म्हणाले, “पण तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?” सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ती खाली बसली. तिच्या प्रश्नाचे उत्तर कुणीच दिले नाही.

हा लेख त्या टाळ्यांविषयी आहे. वक्त्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण वक्ते सज्जन होते आणि टाळ्यांत आमचेही हात होते, हे आधीच कबूल केलेले बरे. जिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीखेरीज दुसरी भाषा बोलली गेली नाही, तिला आपण तिच्याच भाषेबद्दल शाबासकी दिली. पाहुण्याने वरणभात हाताने कालवून खाल्ला की यजमानाला जे कौतुक वाटते, त्याच जातीचे ते कौतुक होते. प्रश्न असा की ती पाहुणी आहे हे आपल्याला कुणी सांगितले?

आमचे उत्तर असे, की आपल्या वाङ्मयेतिहासाने सांगितले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला ख्रिस्ती माणूस परका मुळीच नाही. १६१६ साली छापले गेलेले फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ आपण शिकवतो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ची कादंबरी पहिल्या कादंबरीचा मान सांगते. पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ यांच्यावाचून आपला अभ्यासक्रम पुरा होत नाही. परंतु ही यादी नीट पाहावी. स्टीफन्स परदेशातून आलेला आहे. उरलेले सगळे धर्मांतरित आहेत, सुशिक्षित घरांतून बाहेर पडलेले आहेत आणि प्रॉटेस्टंट पंथात गेलेले आहेत. म्हणजे मराठी समीक्षेला ख्रिस्ती माणूस दोनच अवस्थांत दिसतो: तो बाहेरून आलेला असतो किंवा घर सोडून गेलेला असतो. दोन्ही अवस्थांत नाट्य आहे, म्हणून त्या आपल्याला वाचता येतात. जो कुठून आला नाही आणि कुठे गेला नाही, जो शेतात पाणी लावतो, केळीचे घड उतरवतो, मासेमारीला जातो, रविवारी मिस्सेला जातो आणि मुलाला गावच्या शाळेत घालतो, त्या ख्रिस्ती माणसासाठी आपल्याकडे वाचनाची कुठलीही रीत नाही. त्याचे जगणे ‘घटना’ नाही. त्यामुळे ते आपल्या हिशेबी साहित्याचा विषय नाही.

वसईचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, हे आपल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. त्या विजयानंतर त्याच गावांत जे ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी राहत राहिले, त्यांचे पुढे काय झाले, हे कुणी विचारत नाही. ते तिथेच राहिले. कुपारी म्हणवणाऱ्या सामवेदी ख्रिस्ती समाजाने कादोडी बोली जपली, वाडवळांनी वाडवळी जपली, कोळ्यांनी आपली. चर्चमधली मिस्सा त्या काळी लॅटिनमध्ये होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना उपासनेचे दार उघडून दिले, तेव्हा कुठे मराठी वेदीपर्यंत पोचली. शाळेत मात्र ती आधीपासून होती. चर्चच्या एका भिंतीआड लॅटिन आणि दुसऱ्या भिंतीआड बाराखडी, असे ते सहजीवन होते. या भागात मराठी लिहितीवाचती झाली ती त्या दुसऱ्या भिंतीआड.

त्या परिसंवादानंतर आमच्या विद्यार्थिनीने आपल्या शाळेविषयी पुष्कळ सांगितले. त्यातले थोडे इथे नोंदवणे आवश्यक वाटते, कारण ते कुठे छापलेले नाही. चार खोल्या आणि एक पडवी. शाळेची घंटा निराळी नव्हती. चर्चचीच घंटा दिवस कापून देई. तिची आई फुलांचे गाठोडे घेऊन पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात येई, शेजारच्या बायाही येत. त्यामुळे वर्ग भरण्याच्या तासभर आधीपासून लहान पोरे पडवीत येऊन बसत, आणि जवळच राहणाऱ्या एक बाई त्यांना काहीबाही वाचून दाखवीत. हा तास कुठल्याही वेळापत्रकात नव्हता. आज्या शाळेत येत त्या पत्र वाचून घ्यायला किंवा अर्जावर अंगठा नेमका कशासाठी मागितला आहे हे विचारायला. जून उजाडण्याआधी कौलांची डागडुजी गावातलीच माणसे करीत. कुणी कौले देई, कुणी हात देई. गॅदरिंगला एकाच संध्याकाळी येशूजन्माचे नाटक आणि शिवरायांचा प्रवेश होई. चौथीचे शिवछत्रपतींचे पुस्तक साऱ्या महाराष्ट्राबरोबर तीही मुले वाचतच होती. मेंढपाळांच्या कामांत निम्मी मुले हिंदू असत. नाटकाची भाषा पुस्तकी, पण कुणी संवाद विसरले की पडद्यामागून आठवण कादोडीत येई आणि मांडव हसे.

ती असेही म्हणाली, की त्या शाळेत छडी होती. फादरांचा शब्द शेवटचा असे. कुणाची सोयरीक कुठल्या समाजात होऊ शकत नाही, हे मुलांना वयाच्या मानाने लवकर कळे. एकाच चर्चमध्ये गुडघे टेकणारे लोक पंगतीला आणि लग्नाला निरनिराळे होत. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. त्या शाळेला नंदनवन करून टाकणे म्हणजे तिला पुन्हा एकदा न वाचणेच होय. आम्हाला ती शाळा आदर्श म्हणून नको आहे. मराठी समाज प्रत्यक्षात कसा चालतो याचा एक दाखला म्हणून हवी आहे. भाषा, श्रम, जात, धर्म आणि बाजार हे सगळे चार खोल्यांत एकत्र नांदताना दिसावे, याहून अधिक साहित्याला काय हवे असते?

आता दादर-गिरगावकडे वळू. आपल्या देव्हाऱ्यातली फुले वसईच्या वाडीतून येतात. ती फुले तोडणाऱ्या बाईला पहाटे घर सोडावे लागते म्हणून एका गावातली शाळा तासभर आधी जागी होते. दादर आणि त्या पडवीचे नाते इतके थेट आहे. तरीही दादरच्या वाङ्मयीन नकाशावर ती पडवी नाही. अर्थात लांबच्या वसईचे काय घेऊन बसावे! दादरला गोखले रस्त्यावरच्या चर्चला आपण सर्रास ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतो. बसच्या थांब्यालाही तेच नाव. पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांच्या हाती सोपवली १६६५ साली. साडेतीन शतके उलटली, चार्ल्स कोरिया यांनी विसाव्या शतकात त्या चर्चची वास्तू पूर्णपणे नव्याने घडवली, तरी तिथे प्रार्थना करणारी माणसे आपल्या तोंडी ‘पोर्तुगीज’च. गिरगावातल्या खोताच्या वाडीची लाकडी घरे आपण छायाचित्रांसाठी पाहतो. तिथल्या ईस्ट इंडियन घरांतली म्हातारी माणसे मराठीचीच एक बोली बोलत आली, हे किती मराठी प्राध्यापकांना ठाऊक आहे? या समाजाने १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे इंग्रजी नाव धारण केले, कारण नोकऱ्यांच्या शर्यतीत गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण त्याला दाखवायचे होते. मुंबईच्या चर्चच्या शाळा मुख्यतः इंग्रजीच्या झाल्या आणि त्या समाजाची मराठी घराच्या उंबऱ्याआत राहिली. तिला लिपी उरली नाही. वसईत ती उरली, कारण तिथे ती लहान शाळा होती. एकाच किनाऱ्यावरच्या, एकाच धर्माच्या आणि जवळजवळ एकाच भाषेच्या दोन समाजांपैकी एकाने मराठीत लेखक दिले आणि दुसऱ्याने फारसे दिले नाहीत. या फरकाच्या कारणांत प्राथमिक शाळेचे माध्यम हे मोठे कारण आहे, असे आमचे मत आहे.

लेखक दिले म्हणजे काय, याचा पुरावा दूर नाही. नंदाखालच्या संत जोसेफ मराठी शाळेत शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वर्षानुवर्षे ‘सुवार्ता’ मासिक चालवले, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, हरित वसईच्या लढ्यात ते रस्त्यावर उतरले. २०१९ साली त्यांची उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा काय घडले ते आठवावे. एका धर्मगुरूला हा मान कसा, म्हणून विरोध झाला, धमक्यांचे फोन गेले. हा विरोध उघड होता म्हणून त्याचा निषेध करणे सोपे गेले. आम्हाला त्याहून अस्वस्थ करते ती त्यांच्या बाजूने केलेली भलामण: ‘ते ख्रिस्ती असूनही त्यांनी मराठीची केवढी सेवा केली!’ सेवा परक्याच्या घरची करतात. स्वतःच्या घरात माणूस नुसता राहतो. २०२४च्या जुलैमध्ये फादर गेले, तेव्हाही श्रद्धांजलीच्या लेखांतून ‘असूनही’ हा शब्द गेला नव्हता. टाळ्या त्याच होत्या, सभागृह फक्त मोठे होते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. त्या परिसरातल्या चर्चच्या संस्थांनीही इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढले आणि मराठी वर्ग ओसरू लागले. मग दोष दादरला कशाला? चर्चलाही दोष आहेच. गावाच्या कौलांवर आणि गावाच्या हातांवर उभी राहिलेली शाळा ही केवळ संस्थेची मालमत्ता नसते. तिचे माध्यम बदलताना गावाच्या बोलीचे काय होईल, हा प्रश्न धर्मगुरूंनी विचारायला हवा होता. परंतु ज्या आईबापांनी मुले इंग्रजीत घातली, त्यांनी कुणाकडे पाहून घातली? त्यांची फुले विकत घेणाऱ्यांकडे पाहून. गिरगाव, परळ, दादर इथल्या नामांकित मराठी शाळांच्या तुकड्या कमी होत गेल्या, त्या त्यांच्याच माजी विद्यार्थ्यांनी आपली मुले तिथे न घातल्यामुळे. आधी आपण निघालो, मग गिरणगाव निघाले, मग वसई निघाली. सर्वांत शेवटी निघालेल्याला सर्वांत मोठ्याने जाब विचारणे याला भाषाप्रेम म्हणत नाहीत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ साली पहिलीपासून हिंदी सक्तीच्या निर्णयाविरुद्ध वातावरण तापले आणि २९ जूनला सरकारला ते निर्णय मागे घ्यावे लागले. दोन्ही गोष्टींचा आम्हाला आनंद आहे. मात्र त्या साऱ्या काळात ‘मराठी माणूस’ या शब्दाची जी मूर्ती भाषणांतून उभी राहिली, तिच्या गळ्यात क्रूस कधी दिसला नाही. भाषेसाठी लढताना भाषा बोलणाऱ्यांची यादीच अपुरी असेल, तर त्या लढ्यातून वाचेल ती भाषा कुणाची असेल? देशीवादाची चर्चा करणाऱ्या आमच्या मित्रांनाही हाच प्रश्न आहे. चार शतके त्याच मातीत नांगर धरणाऱ्याचा धर्म देशी ठरायला आणखी किती पिके निघावी लागतील?

साहित्य शिकवणाऱ्यांनी करण्यासारखी कामे साधी आहेत. ‘ख्रिस्तपुराण’ हे परकीयाने केलेली मराठीची सेवा म्हणून शिकवणे थांबवावे. ज्यांच्या कानांसाठी ते रचले गेले त्या श्रोत्यांचे पुस्तक म्हणून ते वाचावे. वसईच्या लेखकांना ‘ख्रिस्ती साहित्य’ या वेगळ्या कप्प्यात ठेवून वर्षातून एकदा उघडण्याची पद्धत सोडावी. सिसिलिया कार्व्हालो मराठी कवितेच्या तासाला याव्यात, अल्पसंख्याकांच्या तासाला नव्हे. लहान शाळांच्या जुन्या हजेरीवह्या, स्मरणिका, गॅदरिंगच्या हस्तलिखित संहिता वाळवीच्या आधी कुणीतरी गोळा कराव्यात. एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय मिळत नाही म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनी दादरहून विरारची गाडी पकडावी. सकाळी त्या दिशेने जाताना बसायला जागाही मिळते.

आमच्या त्या विद्यार्थिनीने पुढे एम.ए. पूर्ण केले. ती आता शिकवते, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, मराठी हा विषय. वर्गात कुणा मुलाचे मराठी चांगले निघाले तर ती त्याला शाबासकी देते, पण ‘इतकं चांगलं कसं’ हे मात्र कधीच विचारत नाही, असे तिने सांगितले. तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून तिला देणे लागतो.