असं का बरं? – राखाडी बोटी आणि झेब्रा बोटी

मुंबईच्या गेटवेपाशी उभं राहून नौदलाच्या बोटी पाहिल्यात कधी? घारापुरीला जाणाऱ्या लाँचेस रंगीबेरंगी, आणि पलीकडे उभ्या युद्धनौका मात्र सगळ्या राखाडी! एका वाचकदोस्ताने विचारलंय, "जंगलात लढणाऱ्या सैनिकांचा गणवेश हिरवा असतो. मग समुद्र निळा असताना युद्धनौका निळ्या का रंगवत नाहीत?"

प्रश्न झकास आहे. पण त्यात एक छोटीशी गफलत आहे. समुद्रावरून दूरची बोट बघताना तिच्यामागे पाणी नसतंच मुळी! मागे असतं आकाश, तेही क्षितिजाजवळचं. तिथे हवेत बाष्प असतं, त्यामुळे तो भाग धुरकट, फिक्कट दिसतो. गडद निळी बोट तिथे उठून दिसेल. बरं, आकाशही दिवसभर एकसारखं कुठे असतं? म्हणून असा रंग निवडायचा, जो कशातच पूर्ण मिसळत नाही, पण कुठे फारसा डोळ्यांतही भरत नाही. तो राखाडी.

पूर्वी मात्र असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश युद्धनौकांचं अंग काळं, वरचा भाग पांढरा आणि धुराडी पिवळसर असत. अमेरिकेने तर १९०७ मध्ये आपल्या १६ पांढऱ्याशुभ्र युद्धनौका जगप्रवासाला पाठवल्या होत्या. सगळ्यांनी बघावं, दबून राहावं, हाच हेतू! पण तोफांचा पल्ला वाढत गेला. मग जो आधी दिसेल तो आधी मार खाईल, अशी वेळ आली. या अमेरिकन नौका १९०९ मध्ये घरी परतल्या, त्यानंतर त्यांनाही राखाडी रंग फासला गेला.

आणि मग आलं पहिलं महायुद्ध. ब्रिटनचं बरंचसं धान्य बोटींनी येत असे, आणि जर्मन पाणबुड्या त्याच बोटी बुडवत होत्या. एकट्या एप्रिल १९१७ मध्ये आठ लाख टनांहून जास्त क्षमतेच्या बोटी समुद्राच्या तळाशी गेल्या! खलाशी जात होते, अन्न जात होतं. इथे राखाडी रंगही पुरेना. पाणबुडीचा पेरिस्कोप पाण्याच्या जेमतेम वर असतो. तिथून बघितलं की बोट आकाशासमोर काळ्या ठिपक्यासारखी दिसते. शिवाय धुराड्यातून निघणारा कोळशाचा धूर कसा लपवणार?

नॉर्मन विल्किन्सन नावाचा एक चित्रकार तेव्हा ब्रिटिश नौदलात होता. समुद्राची चित्रं काढण्यात त्याची हयात गेलेली. त्याला वाटलं, बोट लपवता येत नाही ना? मग बघणाऱ्याला चकवू या!

त्याची युक्ती कळायला थोडं गणित करावं लागेल. घाबरू नका, सोपं आहे. समजा पाणबुडी आणि बोट यांच्यात एक किलोमीटर अंतर आहे आणि पाणतीर ताशी ६५ किलोमीटर वेगाने जातो. म्हणजे त्याला पोचायला साधारण ५५ सेकंद लागतील. तेवढ्यात ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी बोट तीनशे मीटर पुढे सरकलेली असेल! म्हणजे पाणबुडीच्या कप्तानाने नेम धरायचा तो बोट आत्ता आहे तिथे नव्हे, तर ती पुढे जिथे असेल तिथे. त्यासाठी तिची दिशा आणि वेग अचूक ताडायला हवा. ती दिशाच चुकली, तर पाणतीर गेला वाया.

म्हणून विल्किन्सनने बोटींवर काळे, पांढरे, निळे, वेडेवाकडे पट्टे ओढले. अगदी झेब्र्यासारखे! बोटीचं नाक कुठलं, शेपूट कुठलं, ती येतेय की जातेय, काही कळेना. लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्याची कार्यशाळा होती. तिथे चित्रकार स्त्रिया लाकडी छोट्या बोटी रंगवत. मग ती बोट फिरत्या टेबलावर ठेवून पेरिस्कोपमधून बघायची. एकदा खुद्द राजे पाचवे जॉर्ज आले. ते तरुणपणी नौदलात होते, म्हणजे जाणकार माणूस. त्यांना बोटीची दिशा ओळखायला सांगितली. ती साफ चुकली!

दोन हजारांहून जास्त बोटी अशा रंगवल्या गेल्या. त्यामुळे खरंच किती बोटी वाचल्या? नौदलाच्या समितीला १९१८ मध्ये पक्का पुरावा काही मिळाला नाही. पण रंगीत बोटीवरच्या खलाशांना धीर येतो, असं दिसलं, म्हणून रंगकाम चालू ठेवलं. मला तर हे कारणही कमी वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात लॉर्ड माउंटबॅटन यांनी आपल्या विनाशिका चक्क गुलाबी रंगवल्या होत्या! हेच पुढे भारताचे शेवटचे व्हाइसरॉय झाले. १९४० मध्ये संध्याकाळच्या उजेडात एक जांभळट राखाडी जहाज इतर बोटींच्या आधी दिसेनासं झालं, ते त्यांनी पाहिलं होतं. पहाटे-संध्याकाळी गुलाबी रंग ठीक, पण भर दुपारी? पंचाईतच! काही वर्षांत तो मागे पडला.

आता रडार आलं. त्याला रंगाशी देणंघेणं नाही. पण माणसाचे डोळे, दुर्बिणी, कॅमेरे आहेतच, म्हणून राखाडी रंग टिकून आहे. इस्पितळ-जहाजं मात्र मुद्दाम पांढरी असतात, त्यावर मोठे लाल क्रॉस. ती दिसायलाच हवीत, म्हणजे कोणी हल्ला करणार नाही. आणि बऱ्याच बोटींचा पाण्याखालचा भाग तांबडा असतो ना, ते वेगळंच प्रकरण. त्या रंगात तांब्याचं संयुग असायचं. त्यामुळे बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटत नाहीत.

आता एक गंमत करा. टूथपेस्टच्या खोक्याची बोट बनवा. तिच्यावर आडवेतिडवे पट्टे रंगवा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ती थोडी तिरकी ठेवा आणि धाकट्या भावंडाला कागदाच्या नळीतून, एक डोळा मिटून बघायला सांगा. बोट कुठे चाललीय? आधी उत्तर कागदावर लिहून घ्या हं, नाहीतर नंतर भांडणं होतील!