रिपोर्ट नॉर्मल, तरी भीती का जात नाही?

"डॉक्टर, अजून एकदा ईसीजी काढूया का?"

छातीत धडधड, हातपाय गार, दरदरून घाम, आणि 'आता आपलं काही खरं नाही' असं वाटणं. सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात. दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तीच भीती. यातल्या अनेकांना पॅनिक अटॅक येत असतात. हे नाटक नसतं. अ‍ॅड्रेनॅलिन वाढल्यामुळे धडधड खरोखरच होते, पण बहुधा काही मिनिटांत ती शिगेला पोहोचून ओसरू लागते.

मग भीती टिकते कशामुळे? टाळण्यामुळे. लिफ्ट टाळली, गर्दी टाळली, एकट्याने प्रवास टाळला की लगेच सुटका वाटते. मेंदू मात्र धडा घेतो की 'टाळलं म्हणून वाचलो'. पुन्हा पुन्हा रिपोर्ट काढणं हाही टाळण्याचाच एक प्रकार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मनातली भीती बोलायला जावं, तर घरचे म्हणतात, "शुभ बोल रे नाऱ्या!"

अल्बर्ट एलिस हा न्यूयॉर्कचा तरुण मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचा. १९ वर्षांचा असताना त्याने ठरवलं, की महिनाभर रोज बागेत जायचं आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की तिच्याशी बोलायचं. तो शंभरेक जणींशी बोलला. फक्त एक जण भेटायला तयार झाली, आणि तीही आली नाही! पण नकारामुळे आभाळ कोसळत नाही, हे त्याला कळलं आणि भीती गेली. पुढे याच एलिस यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडली.

आपण काय करावं? भीती वाटणाऱ्या गोष्टी सोप्याकडून अवघडाकडे लिहून काढा. लिफ्टची भीती असेल तर आधी नुसतं दारापाशी उभं राहा, मग सोबतीने एक मजला, मग एकट्याने. घाबरायला झालं तरी लगेच पळू नका. भीती ओसरेपर्यंत थांबा. हे रोज करा.

मात्र छातीत दुखलं तर 'भीतीच असेल' असं स्वतःच ठरवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. जुना मानसिक आघात, नैराश्य किंवा जीव नकोसा वाटणं, यांत एकट्याने झुंजू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा सरकारच्या 'टेली मानस' सेवेला १४४१६ वर फोन करा. गोळ्या लागल्या तर त्यात कमीपणा नाही.

तुमच्या तपासण्या झाल्या असतील, डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितलं असेल, तर पुढच्या वेळी येताना एका कोऱ्या कागदावर लिहून आणा: मला नेमकी कशाची भीती वाटते? मरणाची? लोक हसतील याची? माझ्यामागे मुलांचं काय होईल याची?

तो रिपोर्ट मला आधी पाहायचा आहे.