नुसता स्विच बंद करून भागत नाही

संपादक महोदय,

एसीच्या बाहेरच्या युनिटमधली पंख्याची मोटर घरीच बदलता येते, हा आपल्या गेल्या अंकातील लेखाचा सूर मान्य. पण ‘स्विच बंद करा आणि कामाला लागा’ हा सल्ला अपुरा आहे. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो. आधी एमसीबी पाडावा, मल्टिमीटरने खात्री करावी आणि कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा करावा. पेचकस टेकवून ठिणगी पाडू नये. इन्व्हर्टर एसीच्या बोर्डावर तर 300 व्होल्टहून जास्त डीसी दाब काही वेळ टिकतो. ते काम जाणकारावरच सोपवावे.

नवी मोटर घेताना नुसते वॉट पाहू नयेत. फेरे, फिरण्याची दिशा, शाफ्टची जाडी आणि कपॅसिटरचे मायक्रोफॅरड, सगळे जुळायला हवे. पंखा उलटा फिरला तर गरम हवा कोंडते आणि कॉम्प्रेसर तापून बंद पडतो. अर्थिंगची तार पुन्हा जोडायला विसरू नये.

आणि युनिट चौथ्या मजल्याच्या ब्रॅकेटवर असेल, तर मजुरी वाचवण्यासाठी खिडकीबाहेर लोंबकळू नये, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त वायरमन, नागपूर