जलपर्णीवरील पहारा

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुके. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस येथे कुकडी, मीना आणि घोड या नद्यांतून पूर्वेकडे वाहतो. माणिकडोह, वडज, येडगाव, डिंभे या धरणांनी तो अडविला आहे, आणि धरणांखालच्या पात्रांत जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे घातलेले आहेत. जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांत सुमारे २००० वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांपैकी काहींत पाण्याचे टाके, म्हणजे त्या काळच्या भाषेतील ‘पोढी’, कोणी दान केले याची नोंद आहे. पाण्याचे मोल या भूमीला इतके जुने ठाऊक आहे. त्याच पाण्यावर आज जलपर्णी नावाची एक परकी वनस्पती ठाण मांडून बसते.

ही वनस्पती दिसायला मोठी देखणी! गुळगुळीत हिरवी पाने, त्यांवर फिकट जांभळ्या फुलांचा तुरा, आणि वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. पानाचा देठ फुगीर असून आतून स्पंजासारखा पोकळ असतो. त्यातील हवेमुळे झाड पाण्यावर तरंगते. तिचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात. फुलांच्या मोहाने माणसांनीच तिला देशोदेशींच्या बागांत नेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोहोचली, आणि तेथील नद्या व खाड्या तिने अशा भरून टाकल्या की, १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी बंगालमध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. एका फुलझाडासाठी कायदा! सौंदर्याची किंमत कधी कधी फार उशिरा कळते, ती अशी.

तिच्या वाढीची रीत समजली, म्हणजे तिच्याशी कसे वागावे हेही समजते. एका रोपापासून आडवी कोवळी खोडे निघतात आणि प्रत्येकाच्या टोकाला नवे रोप येते. ऊन आणि खाद्य भरपूर असेल, तर अवघ्या १५ दिवसांत किंवा त्याहूनही लवकर तिचा विस्तार दुप्पट होतो. आता थोडे गणित करा. एखादा बंधारा आज पूर्ण झाकला गेला आहे असे समजा. दर १५ दिवसांना दुप्पट या हिशेबाने १५ दिवसांपूर्वी तो निम्मा झाकलेला होता, महिन्यापूर्वी पाव, आणि दीड महिन्यापूर्वी केवळ एक अष्टमांश. म्हणजे दीड महिन्यापूर्वी आठांतील सात भाग पाणी मोकळे होते! काठावरून जाणारा माणूस म्हणाला असेल, “कोपऱ्यात थोडी हिरवळ आहे, एवढेच.” माझ्या मते जलपर्णीचे खरे बळ आपल्या या ‘एवढेच’मध्ये आहे.

आपल्याकडे पावसाळा संपला की बंधाऱ्यांना ढापे बसवून पाणी अडवितात. साचलेल्या पाण्यात गावांचे सांडपाणी येते आणि शेतांतून वाहून आलेले खतही येते. माणसाला जे घाण वाटते, तेच या वनस्पतीचे पक्वान्न होय. एकदा तिचा थर जमला की खाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातील इतर वनस्पती मरतात, कुजणारा पाला पाण्यातील प्राणवायू शोषून घेतो आणि मासे तडफडतात. डासांना आसरा मिळतो. शेतकऱ्याच्या मोटारीच्या नळाची जाळी मुळ्यांनी तुंबते. शिवाय पानांवाटे इतके पाणी हवेत उडते की, उघड्या पाण्याहूनही अधिक. ऊस, कांदा, टोमॅटो यांसाठी थेंबाथेंबाचा हिशेब करणाऱ्या या मुलखाला ही चोरी परवडणारी नाही.

मग उपाय काय? कोणी म्हणतात, तणनाशक फवारावे. जे पाणी माणसे व गुरे पितात, त्यावर विष फवारणे मला मुळीच पटत नाही. आणि मेलेला थर तेथेच कुजला, तर पाणी अधिकच बिघडते. कोणी म्हणतात, तिचे खत करावे. विचार चांगला आहे. पण तिच्या वजनात शेकडा ९० हून अधिक पाणीच असते, त्यामुळे ती दूर वाहून नेणे महाग पडते. खत काठावरच करावे, आणि तेही बी धरण्यापूर्वी, कारण तिचे बी चिखलात कित्येक वर्षे जिवंत राहते. तिला खाणाऱ्या सोंडकिड्यांचा उपायही आहे. १९८०च्या दशकात ते परदेशांतून भारतात आणून सोडण्यात आले. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९९०च्या दशकात त्यांचा चांगला उपयोग झाला. परंतु किड्यांना काम करण्यास वर्षे लागतात, आणि पुराने झाडांबरोबर तेही वाहून जातात.

पावसाळ्यात ढापे काढले की जलपर्णी पुराबरोबर निघून जाते आणि गाव सुटकेचा नि:श्वास टाकते. पण ती जाते कोठे? मीना व कुकडी घोडीला मिळतात, घोड भीमेला मिळते, आणि भीमेवर उजनीचा विस्तीर्ण जलाशय आहे. आपले तण शेजाऱ्याच्या शेतात लोटणाऱ्याला आपण काय म्हणतो? नदीच्या बाबतीत मात्र त्यालाच ‘बंधारा साफ झाला’ असे म्हणतात.

म्हणून पहारा हवा, आणि तो पाणी अडविल्या दिवसापासून हवा. ढापे बसले की दर आठवड्याला कोणीतरी काठाने फिरून बंधाऱ्याची भिंत, पात्राचे वळण, ओढ्याचे मुख आणि बाभळीखालची स्थिर जागा पाहावी, कारण पहिली रोपे तेथेच अडकतात. हे काम शाळेतील मुलांनाही करता येईल: काठावरून पाहावे, वहीत तारीख आणि जागा लिहावी, आणि ग्रामपंचायतीला कळवावे. पाण्यात मात्र मुलांनी उतरू नये; त्या थराखालची खोली दिसत नाही आणि मुळ्यांत पाय गुंततो. दहा-वीस रोपे दोन माणसे दाताळ्याने सकाळच्या न्याहारीपूर्वी ओढून काढतील. तीच रोपे चार महिने राहिली, तर त्यांसाठी यंत्र, होडी आणि पैसा यांची वाट पाहावी लागते. सांडपाणी शुद्ध करून मगच नदीत सोडण्याचे काम याहून मोठे आहे. ते होईपर्यंत रोपे पुन:पुन्हा येणार, आणि वहीची पानेही दर आठवड्याला भरावी लागणार.