अणुपाणबुड्या जरूर बांधा, पण वर जाळं टाकलेलं आहे हे विसरू नका



ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने अणुऊर्जेवर चालणाऱ्या दोन नव्या पाणबुड्या देशातच बांधायला मंजुरी दिली. खर्च अंदाजे ४० हजार कोटी, काम विशाखापट्टणमला. नौदलप्रमुखांच्या सांगण्याप्रमाणे पहिली २०३६-३७ पर्यंत येईल, दुसरी त्यानंतर दोन वर्षांनी. पुढे अशा एकूण सहा करायचा बेत आहे.

आमचा याला विरोध नाही. दर्याची राखण हवीच. पण याच्या पुढच्याच महिन्यात काय झालं ते आठवा. २१ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री गोव्यापासून सुमारे ७० सागरी मैलांवर 'मार्थोमा' ही मासेमारी बोट आणि नौदलाची स्कॉर्पीन पाणबुडी यांची टक्कर झाली. बोटीवर १३ जण होते. ११ वाचले, दोघे घरी परतले नाहीत. चूक कुणाची, यावर आम्ही इथे बोलत नाही. आमचा प्रश्न पुढचा आहे.

डिझेलच्या पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला अधूनमधून पाण्याच्या वरच्या थरात यावंच लागतं. अणुपाणबुडीला ती गरज नाही, ती महिनोन्महिने खाली राहू शकते. मग धोका कमी झाला का? नाही. ती आकाराने मोठी, वेगाने जास्त, आणि खाली असताना आपल्या रडारवर दिसतच नाही. तिला जाळं अडकलं तर तांडेलाला कळायच्या आत बोट ओढली जाते.

हे घडलेलं आहे. २२ नोव्हेंबर १९९० ला स्कॉटलंडमध्ये 'अँटारेस' या ट्रॉलरचं जाळं ब्रिटिश अणुपाणबुडीत अडकलं. बोट बुडाली, चौघेही गेले. आज तिथे पाणबुड्यांच्या सरावाचा भाग मच्छीमारांना रेडिओवरून आधी सांगतात. ब्रिटनची गुपितं त्याने फुटली नाहीत. आम्हीही मोहिमांची गुपितं मागत नाही, फक्त सरावाचा भाग सांगा.

२६/११ नंतर आम्हाला 'किनाऱ्याचे डोळे आणि कान' म्हटलं गेलं. ओळखपत्रं काढली, तपासण्या सोसल्या. मग कानांना थोडं ऐकवायला नको का?

आमच्या मागण्या साध्या आहेत:

१) सरावाची सूचना मासेमारी खात्यामार्फत मालीम, शापोरा जेटीवर आणि व्हीएचएफवर वेळेत मिळावी.

२) ती मराठी-कोकणीसोबत हिंदी आणि ओडियातही हवी. ट्रॉलरवरचे बरेच खलाशी ओडिशा-झारखंडचे आहेत, त्यांना कळलं नाही तर सूचना देऊन उपयोग काय?

३) जाळं तुटलं किंवा बोट गेली तर भरपाईची ठरलेली पद्धत आणि मुदत असावी. घरच्या बायकांनी वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायचे का?

आपल्याकडूनही कसूर नको. रात्री दिवे पूर्ण लावा, एआयएस बंद करू नका, चॅनल १६ वर कान ठेवा, पहाऱ्याला झोपेतला माणूस बसवू नका. केरी-हरमलचे होडीवाले म्हणतील, आम्ही काठाशीच असतो. पण डिचोलीच्या बाजारात जाणारं मासळीचं टोपलं ट्रॉलरवरूनही भरतं, आणि त्यावरची माणसंही आपलीच.

पहिली पाणबुडी यायला दहाएक वर्षं आहेत. एवढा वेळ व्यवस्था लावायला पुरेसा आहे. तुमच्या बोटीला असा काही अनुभव आला असेल तर तारीख, वेळ आणि ठिकाणासह संस्थेत नोंदवा. निवेदनासोबत तो जोडू.

आपलीच,
कार्यकारिणी