पाकटाच्या दातांची साक्ष

कोकणच्या बंदरावर पहाटे मासळी उतरली म्हणजे सरंगा, सुरमई, कोळंबी यांची प्रतवारी मोठ्या बारकाईने होते. परंतु त्याच ढिगाच्या कडेला पडलेली पाकटे, मग ती वाळूत अंग पुरून राहणारी असोत की तळाशी तिसऱ्या-शिंपले हुडकीत फिरणारी असोत, बहुधा एकाच नावाने पुकारली जातात. गिऱ्हाइकाला तेवढे नाव पुरते, हे मान्य. परंतु ज्या दप्तरावरून उद्या समुद्रातील जिवांच्या वाढघटीचा निवाडा व्हावयाचा, त्यातही ‘पाकट, अमुक किलो’ एवढीच बाब रुजू होत असेल, तर ती नोंद अपुरी होय, आणि ती पुरी करण्याचे एक उत्तम साधन त्या प्राण्याच्या तोंडातच आहे.

मायलिओबॅटिस या प्रजातीच्या पाकटाचा जबडा हातात घेऊन पाहावा. षट्कोनी फरशा एकमेकींना भिडवून केलेली गच्च फरसबंदीच तेथे आढळते: मधली रांग रुंद, तिच्या दोन्ही अंगांना लहान फरशांच्या तीन-तीन, अशा एकूण ७ रांगा, पुढली कड कवचे फोडून फोडून झिजलेली, मागे नवे कोरे दात पुढे सरकण्याच्या बेतात, आणि फरशी उलटी करावी तर तिची मुळे फणीच्या दात्यांसारखी. याच भावकीतल्या एटोबॅटसच्या प्रत्येक जबड्यात मात्र रुंद पट्ट्यांची एकच रांग असते. पाकटाचा सांगाडा कूर्चेचा असल्याने मृत्यूनंतर लवकर विरतो, दात तेवढे टिकतात. म्हणूनच लुई आगासी यांनी १८३३ ते १८४३ या काळात अश्मीभूत मत्स्यांवरील आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा शार्क-पाकटांच्या कित्येक नष्ट जाती त्यांना केवळ दातांच्या पुराव्यावर ठरवाव्या लागल्या.

तथापि एकट्या दातावर निकाल देण्याची घाई करू नये. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील अटलांटिक पाकटाच्या नराचे दात एरवी मादीसारखेच बोथट असतात. समागमाचा ऋतू आला की त्यांच्या जागी टोकदार दात येतात, म्हणजे मादीचा पर तोंडात घट्ट धरता यावा, आणि ऋतू सरताच पुन्हा बोथट दातांची पाळी येते, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. असे दोन ऋतूंतले दात दोन वर्णनकारांच्या हाती पडले, तर एका जातीच्या दोन जाती व्हावयास कितीसा वेळ लागेल?

यास्तव माझे आग्रहाचे सांगणे असे की, बंदरावरच्या नोंदवहीत वजनाबरोबर दातांचे छायाचित्र, रांगांची संख्या, नर की मादी, परापासून परापर्यंतची रुंदी आणि पकडीचा महिना हा तपशील यावा. आणि किनाऱ्यावरील महाविद्यालयांनी कचऱ्यात जाणारे जबडे कोळणींकडून मागून घेऊन, स्वच्छ करून, चिठ्ठी लावून जतन करावेत. पाकटाला एका वेळी पिले थोडी होतात. एखादी जात ओसरू लागली तर ती पुन्हा भरून यावयास दीर्घ काळ लागतो, आणि जिचे नावच दप्तरात नाही तिचे ओसरणे कोणाच्या ध्यानातही येत नाही.