याकिसोबा म्हणजे जपानची फोडणीची पोळी

आपल्या वयाच्या मंडळींना जपानी जेवण म्हटलं की एकदम सोवळं आठवतं. मंद दिवे, लाकडी काड्या, आणि शेवटी ते बिल! त्यामुळे "याकिसोबा घरी कर की" असं कुणाला सांगितलं, की पहिला प्रश्न येतो, "तो सॉस कुठे मिळतो पण?" दुसरा येतो, "आणि त्या नूडल्स?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत फोनवर ऑर्डर गेलेली असते.

माझं मत अगदी उलट आहे. याकिसोबा हा थाटात बसून खायचा पदार्थच नव्हे. जपानमध्ये तो जत्रेत मोठ्या लोखंडी तव्यावर ढिगाने परततात, नाहीतर घरी उरलेला कोबी संपवायला करतात. तिथल्या दुकानांत वाफवलेल्या नूडल्सची तीन जणांपुरती पाकिटं मिळतात, सॉसच्या पुड्यांसकट. मारुचानचं असं पाकीट १९७५ पासून आहे. थोडक्यात, ही जपानची फोडणीची पोळी. आणि फोडणीच्या पोळीसाठी कुणी टेबल बुक करतं का?

आता 'ऑथेंटिक'वाल्यांकडे वळू. (प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच.) याकिसोबाची गंमत अशी, की नावात 'सोबा' असूनही त्यात सोबाचं पीठ, म्हणजे आपलं उपासाचं कुट्टू, नसतं. नूडल्स गव्हाच्या, त्याही मूळ चिनी पद्धतीच्या. सॉस इंग्लंडच्या वूस्टर सॉसचा वंशज. 'याकी' म्हणजे भाजलेलं-परतलेलं, पण निस्सिनचा १९७६ पासून विकला जाणारा डब्यातला याकिसोबा 'यूएफओ' घ्या. उकळतं पाणी ओतायचं, तीन मिनिटांनी काढून टाकायचं, सॉस कालवायचा. घरी परतणं कुठेच नाही!

बरं, गावागणिक तऱ्हाही वेगळ्या. फुजिनोमियाचे लोक चिवट नूडल्स घेतात आणि वरून सुक्या मासळीची पूड भुरभुरतात. २००६ साली गावोगावच्या साध्या खाण्याची पहिली 'बी-१ ग्रां प्री' स्पर्धा याच याकिसोबाने जिंकली. योकोतेचे लोक वर अर्धकच्चं अंडं ठेवतात. मग कोथरूडची किंवा डोंबिवलीची तऱ्हा का नसावी?

तर कृती. दोघांसाठी, वीस मिनिटं.

हाक्का नूडल्सचं १५० ग्रॅमचं पाकीट घ्या. पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा एक मिनिट कमी उकडा, गार पाण्याखाली धरा, नीट निथळा आणि चमचाभर तेल चोळून ठेवा. सॉससाठी दोन मोठे चमचे वूस्टर सॉस, एक सोया सॉस, एक टोमॅटो केचप आणि एक छोटा चमचा साखर. शाकाहारी असाल तर वूस्टरच्या बाटलीवरचं लेबल वाचा, मूळ सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. पण त्यात चिंचही असते! तेव्हा वूस्टरऐवजी थोडा चिंचेचा कोळ, जास्तीची चिमूट साखर आणि मिरपूड घातली तरी चव बरीच जवळ जाते.

कढई चांगली तापवा. आधी नुसत्या नूडल्स पसरा आणि दोन मिनिटं त्यांना हात लावू नका. खालून तांबूस डाग पडले की काढून ठेवा. सगळी मजा या डागांत आहे. मग मोठ्या आचेवर कांदा, गाजर आणि भरपूर कोबी (चिकन घालणार असाल तर ते सगळ्यात आधी, पूर्ण शिजेपर्यंत). भाजी करकरीत असतानाच नूडल्स परत घाला, सॉस ओता, मिनिटभर परता. झालं.

एकच नियम पाळा, बॅच साइज लहान ठेवा. चौघांचं एकदम टाकलंत तर कढई थंड पडते, कोबीला पाणी सुटतं आणि नूडल्स परतल्या न जाता वाफवल्या जातात. जपानी लोक वरून हिरव्या शेवाळ्याची पूड आणि लाल आल्याचं लोणचं घालतात. आपण लिंबू-मिठात मुरवलेलं आलं घालावं, शरमू नये :)

हे सगळं एवढ्या पोटतिडकीने का सांगतोय? पैसे वाचतात किंवा तब्येत सुधारते म्हणून नाही, ते प्रवचन घरून मिळतंच. मला काळजी वेगळी वाटते. फ्रिज उघडून 'आहे त्यात काय होईल' हे ठरवण्याची आपली सवयच चाललीय. मागच्या पिढीत ती जबाबदारी बहुतेक आयांवर पडली. आता घरातले दोघंही नोकरी करतात, आणि ते कौशल्य दोघांपैकी कुणीच न उचलता ॲपकडे सोपवलंय. विशेषतः मुलग्यांनो, चहा आणि मॅगी याच्या पुढे निदान एक पदार्थ न विचारता, न बघता करता आला पाहिजे. दमून आल्यावर आपलं पोट आपण भरू शकतो, या भरवशाची किंमत मोठी आहे.

त्या एका पदार्थासाठी याकिसोबा मला सगळ्यात सोपा वाटतो. पोळी गोल यायची भीती नाही, भात गिचका व्हायची नाही. उरलेली अर्धी सिमला मिरची, कालचं पनीर, काहीही चालतं.

असो. कोबी आहे का घरी? मग आज रात्रीच करून बघा.